नाळ कापली की मजुरी

खाटेवरून रक्त खाली फरशीवर टपकत होतं आणि दारात खुशीचा भाव चालला होता.

"पोरगी हाय ना, मंग एवढे कायले?" माझा नातू म्हणत होता.

"पोरगी म्हणजे लक्ष्मी, दादा. लक्ष्मीचे कमी देता का?" बाळाला दुपट्यात गुंडाळून उभी असलेली दवाखान्यातली मावशी म्हणाली. "पहिले खुशी, मंग तोंड."

खुशी म्हणजे बाळ खोलीतून बाहेर आणणाऱ्या बाईच्या हातावर ठेवायचे पैसे. पोराचा भाव वेगळा, पोरीचा वेगळा. कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. नातू हसत हसत घासाघीस करत होता, जसा तुमसरच्या बाजारात कांद्यासाठी करतो. पहिल्या लेकराचा बाप, आनंदात होता. माझी सून, म्हणजे त्याची आई, मावशीच्या खांद्यावरून मान लांब करून बाळाचं नाक कोणावर गेलं ते पाहत होती. खाटेवर नातसून होती आणि तिच्याजवळ मी एकटी. डॉक्टर हात धुऊन जेवायला गेला होता. नर्स ट्रे घेऊन निघून गेली होती. बाळ रडलं आणि खोली रिकामी झाली होती.

बाहेर वैशाखाचं ऊन, कूलर गरम हवा फेकत होता, आणि नातसून म्हणाली, "आजी, मले थंडी वाजून राहिली."

मी चादर उचलली आणि तशीच सोडली. मग ओरडले. माझा आवाज मोठा आहे, घरात माग चालू असताना बोलायची सवय आहे मला.

नर्स आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "काय झालं आजी? एवढं जातंच. डिलिव्हरी तर झाली ना आता."

"बाई, मले बाकी काई समजत नाई. पण हे चादर तू आत्ताच बदलली. पाहा."

तिनं पाहिलं. मग ती भराभर चालायला लागली, पण डॉक्टरला बोलवायला गेली नाही, दुसरी चादर आणायला गेली.

"साहेब कुठं हाय?"

"जेवून राहिले."

"त्याले म्हणा, उष्ट्या हातानं ये."

आम्ही विणकरांच्या घरातले. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मला कांड्या भरायला बसवलं. लग्न होऊन आले तर इथंही कांड्याच. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचं घरातल्या पुरुषांनी आणि धागा भरून द्यायचा बायकांनी. थान मागावरून कापलं की शेठ मजुरी द्यायचा. मजुरी थानावर, म्हणून घरात एकच घाई, थान उतरवा. शेवटच्या हातभर कापडात बाणा, म्हणजे आडवा धागा, सैल सुटला तरी कोणी परत बसवत नसे. उतरलं ना? झालं. पुढे ते अंगावर विरलं तर ते घेणाऱ्याच्या नशिबी.

त्या दुपारी मला दुसरं काही दिसत नव्हतं. नाळ कापली, थान उतरलं. ज्याला त्याला आपापली मजुरी घ्यायची घाई. बाई मागावरच राहिली.

आम्ही त्या दवाखान्यात आलो कसे, तेही ऐका. आम्हाला तिथं जायचंच नव्हतं.

नातसून दिघोरीची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिची आई नाही. बापानं फोन केला, "तुमीच पाहा माय, माझ्या घरी बाईमाणूस कोणी नाई." म्हणून ती आमच्याकडेच राहिली. पोटुशी असताना शेवटपर्यंत घरचं सगळं करत होती. आमच्या गावच्या आशाताईनं तिला गोळ्या आणून दिल्या, सुया टोचून आणल्या, दर भेटीत "सरकारीतच करा हं" म्हणून बजावलं. कळा सुरू झाल्या त्या सकाळी आशाताई आमच्यासोबत जवळच्या सरकारी दवाखान्यात आली.

तिथं एका डॉक्टरणीनं तपासलं आणि म्हणाली, "पाणी कमी हाय. इथं जोखीम नको. पुढं न्या."

"पुढं म्हणजे कुठं?"

"भंडाऱ्याले."

तिनं चिठ्ठी दिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी नव्हती, काहीच नव्हतं. मी तिला वाईट म्हणणार नाही. तिला महिन्याचा पगार. बाई ठेवून घेतली तर रात्रभर जागरण, काही बिघडलं तर तिच्यावर बोट. पुढे पाठवली तर पगार तोच आणि झोप पुरती. मग कोण ठेवून घेईल? मीही पाठवली असती. ही गोष्ट मला आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू.

सरकारी गाडी दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती. फाटकाबाहेर एक खाजगी गाडीवाला उभा होता, जसा मेल्या जनावराजवळ गिधाड उभं असतं. तो म्हणाला, "आजी, भंडारा दूर हाय. वाटेतच एक दवाखाना हाय, चांगला डॉक्टर हाय, मीच नेतो."

आशाताई गाडीत बसली नाही. "मी इथंच थांबतो आजी. खाजगीत मले काही भेटत नाई. आन् इथं दुसरी एक बाई येऊन राहिली, तिची डिलिव्हरी इथं झाली तर माझं काही होईन."

"तिच्यासंगं दुसरं कोणी नाई का?"

"हाय ना. पण मंग मले काय भेटन?"

असं तोंडावर म्हणाली. लपवलं नाही, म्हणून मी तिला शिवी दिली नाही.

दवाखान्यात पोचलो तर गाडीवाला आमच्या आधी काउंटरवर गेला. नातसून अजून गाडीतच होती, मी तिला धरून होते, आणि हा आत जाऊन खिशात काहीतरी घालत बाहेर आला. पोतं गिरणीवर टाकलं की हमालाला मिळतात तसे. फरक एवढाच की पोत्याला कळा येत नाहीत.

डॉक्टर माणूस बोलायला गोड. दोन भाव सांगितले, एक साध्या बाळंतपणाचा आणि एक सिझरचा. दोन्हींत म्हशी-शेळीएवढा फरक. तपासून लगेच म्हणाला, "बाळाले त्रास होऊ शकते. सिझर केलेलं बरं."

नातवानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब म्हणते तर कर." माझं काय, मी चौथी शिकलेली. डॉक्टर म्हणतो त्रास होईल, तर मी कोण नाही म्हणणारी?

पण नातसुनेनं कोणाचंच ऐकलं नाही. ऑपरेशनची खोली तयार होईपर्यंत बाळ आलंच. धडधाकट, घसा फोडून रडणारं. आम्ही सगळ्या हसलो. डॉक्टर हसला नाही. मी त्याच्या मनात शिरले नव्हते, पण तोंड पाहत होते ना. गिऱ्हाईकानं भारी लुगडं हातात घेऊन साधं विकत घ्यावं आणि दुकानदाराचं तोंड पडावं, तसं ते पडलं. त्यानं हात धुतले आणि नर्सला म्हणाला, "बाकी तू पाहून घे." बाकी म्हणजे नातसून.

तर त्या बाकीचं रक्त वाहत होतं.

डॉक्टर आला. खरंच उष्ट्या हातानं आला, बोटांना वरण होतं. हात धुऊन मोजे चढवले. पोट दाबलं, सुई दिली, पुन्हा दाबलं. नातसून पहिल्यांदा ओरडली, दुसऱ्यांदा ओरडली नाही. तिचं न ओरडणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"गर्भाची पिशवी आवळत नाई," तो म्हणाला. "रक्त लागन. माझ्याजवळ रक्त नाई. लवकर भंडाऱ्याले न्या."

"सकाळी भंडाऱ्यालेच चाललो होतो ना आमी!" नातू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

डॉक्टर मोजे उतरवायला लागला. काउंटरवरचा माणूस बोलला. "आमची गाडी हाय. पहिले तेलाचे पैसे टाका."

नातवानं खिसा उलटा केला. असलेले नसलेले बाळंतपणाचे म्हणून आधीच भरले होते. उरलेले मावशीच्या हातात गेले होते, कारण घासाघीस करूनही शेवटी तो आनंदात होता आणि त्यानं मागितले तेवढे दिले होते.

मी मावशीकडे गेले. ती आमच्या सुनेला बाळ देऊन कोपऱ्यात बसून डबा खात होती.

"खुशी परत दे."

"म्हणजे?"

"खुशी झाली नाई आजून. दे परत."

"आजी, दिलेली खुशी कोणी मांगते का? अपशकुन असते."

"पोरगी मरून राहिली तिकडं, आन् तू मले शकुन सांगते?"

तिनं डबा खाली ठेवला. पोलक्यातून नोटा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "घ्या माय. पण मले शिव्या नका देऊ. साहेब महिन्याले जे देते त्यात किराणा येत नाई. पगार वाढवा म्हटलं तर म्हणते, तुले खुशी भेटते ना. मंग मी खुशी नाई मांगू तर काय खाऊ?"

मला तिची दया आली नाही, तेव्हा वेळ नव्हता. पण ऐकलं मी. तिचा पगार त्या डॉक्टरनं आमच्या खिशातून द्यायचं ठरवलं होतं आणि तोही बाळाच्या तोंडावर. म्हणून ती बाळ घेऊन दारात उभी होती. बाईजवळ उभं राहायचे तिला कोणी काही देत नव्हतं. नर्सलाही नाही. त्या अख्ख्या इमारतीत बाळंत झालेल्या बाईजवळ तासभर बसायचे पैसे मिळणारा एकही माणूस नव्हता. एवढी साधी गोष्ट. मला किळस आली ती मावशीची नाही. कोणी डोकं लावून ही मांडणी केली असेल आणि बाकीच्यांनी ती चालवून घेतली असेल, त्याची आली. आम्हीही घेतलीच होती.

सून बाळाला घेऊन तिथंच राहिली. मी आणि नातू गाडीत बसलो. वाटभर मी नातसुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या गालावर चापट्या मारत होते. "झोपू नको. दिघोरीच्या पोरी अशा झोपाळू असतात का गं?" म्हटलं. ती हसली असेल असं मला वाटलं. हसली नसेलही. डोळे पांढरे होत होते.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तिला सरळ आत नेलं. तिथं कोणी भाव सांगितला नाही, एवढं खरं सांगितलं पाहिजे. नातवाचं रक्त घेतलं. जवाहरनगरच्या फॅक्टरीत असलेला माझा जावई कळताच आला, त्याचंही घेतलं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "रक्त थांबत नाही. पिशवी काढावी लागेल. सही करा."

नातू म्हणाला, "मंग पुन्हा लेकरू...?"

"नाही होणार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कर सही. लेकरू झालं ना एक." तो सही करताना रडला. मी नाही रडले. रडून शाई पसरते.

ऑपरेशन झालं. तरी डॉक्टरीण म्हणाली, दोन दिवस काही सांगता येणार नाही, फार रक्त गेलं आहे. बाळाला सुनेनं तिकडेच आणलं, दवाखान्यानं दूध पाजायची सोय करून दिली. आम्ही व्हरांड्यात चटई टाकली.

दुसऱ्या दिवशी आशाताई आली. पिशवीत भाकरी होती आणि तोंड खाली होतं.

"आजी, मी संगं यायले पाहिजे होतं."

"हाव. पाहिजे होतं. मंग काहून नाई आली?" मी विचारलं. "सांगितलंस तू मले. तुले काय भेटलं असतं?"

ती चिडली. "तुमी समजता का आजी, मले पैशाची हाव हाय म्हणून? महिनोन् महिने हातात काही येत नाई. आन् आलं तर कशाचं येते? बाई दवाखान्यात नेली, तिथं बाळंत झाली, त्याचं येते. सुई टोचली त्याचं येते. बाळ झाल्यावर घरी येऊन बाळाले जोखतो त्याचं येते. बाई जगली त्याचं कुठं हाय?"

"नाई?"

"नाई ना. बाई जगली काय, मेली काय, माझ्या पैशात फरक पडत नाई."

जावई तिथंच बसला होता. फॅक्टरीतला माणूस, बोलणं मोजून. तो म्हणाला, "आमच्या फॅक्टरीच्या दवाखान्यात डॉक्टरले पगार हाय. सिझर करा का नका करू. माह्या बायकोच्या टाइमाले त्यानं घाई नाई केली."

"पगारवालीनंच आमाले काल सकाळी हाकललं," मी म्हटलं. "पगारी माणूस झोपते पण."

"मंग काय करावं म्हणता मामी?"

मी शेठची गोष्ट सांगितली. आमच्या गावात एक शेठ होता, त्याला आम्ही पाठीमागं फार शिव्या द्यायचो. बाकीचे शेठ थान उतरलं की पूर्ण मजुरी देत. हा निम्मी देई. उरलेली निम्मी, कापड धुऊन, वाळवून, उन्हात धरून पाहिल्यावर. सैल सुटलं की निम्मी गेली. म्हणून त्याचं थान विणताना पुरुष शेवटच्या वीतभर कापडावरही मान मोडून बसायचे. त्याच्या कापडाला भंडाऱ्यात काय, नागपुरात नाव होतं.

"तसंच करा म्हणा सरकारले," मी म्हटलं. "निम्मे लेकरू झालं तवा. निम्मे सव्वा महिन्यानं, बाई आपल्या पायानं चालत येऊन दाखवन तवा. डॉक्टरचे तसेच, मावशीचे तसेच, तुझे तसेच. साधं असो का सिझर असो, भाव एकच. मंग कोण चाललं जेवायले पाहू."

आशाताईनं मान हलवली. "आजी, मंग अशक्त बाई दिसली का दारच लावतील. म्हणतील, ही काही चालत येत नाई सव्वा महिन्यानं. पुढं न्या."

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर होतं तिचं. आदल्या सकाळी तेच तर झालं होतं.

मग मी म्हटलं, "तुटक्या सुताची मजुरी जास्त असते. शेठनं खराब धागा दिला तर विणणारा जास्त मांगते आन् शेठ देते, कारण त्याले माहीत असते, हे जोडत जोडत विणावं लागते. अशक्त बाईचे जास्त द्या. जो तिले ठेवून घेईन त्याले जास्त, जो हाकलन त्याले काईच नाई."

"आन् गाडीवाल्याले?" नातू पहिल्यांदाच बोलला.

"त्याले पायातला जोडा."

जावई हसला. आशाताईही हसली, मग तिनं तोंडाला पदर लावला, कारण आत तीन दारांपलीकडे नातसून पडली होती आणि ती जगेल का हे कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही सरकार चालवत बसलो होतो चटईवर.

त्या व्हरांड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली, तीही सांगते. लोक येत होते, बाळ पाहायला. आमच्या गावचे, सुनेच्या नात्यातले. बाळाला पाहून हातावर काही ठेवत, झबली देत, काजळ लावत. "बाळबाळंतीण सुखरूप?" असं सगळेच विचारत. आमच्या भाषेत तो एकच शब्द आहे, बाळबाळंतीण. पण विचारताना डोळे बाळावर. एकानंही असं म्हटलं नाही, की मी इथं थांबतो, तुम्ही आत जाऊन तिच्याजवळ बसा. हे डॉक्टरचं नाही, सरकारचं नाही. हे आपलंच आहे. आपणही बाळावरच मजुरी देतो.

आपली जुनी रीतही काही सोन्याची नव्हती, उगीच कोणी मला तसं म्हणायला लावू नये. माझ्या वेळी सुईण यायची, तिला सव्वा महिन्यानंतर लुगडं आणि पायलीभर धान मिळायचं, ते बाळंतीण विहिरीवर गेली तरच. तरी बायका मरायच्या. माझी जाऊ मेली. सुईणीला लुगडं मिळालं नाही, एवढाच फरक पडला. रक्त नव्हतं, गाडी नव्हती, काही नव्हतं. आता सगळं आहे. गाडी आहे, सुई आहे, रक्ताची पिशवी आहे, शिकलेला डॉक्टर आहे. आणि सगळं असून ते बाईपर्यंत पोचत नाही, कारण प्रत्येकाचा हिशोब तिच्या आधीच संपतो. पूर्वी नव्हतं म्हणून मेल्या, त्याचं दुःख होतं. आता असून मरतात, त्याची मला शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती तरुण डॉक्टरीण बाहेर आली. डोळे तांबडे होते. तिनं मला हातानं बोलावलं, नातवाला नाही. जावयानं मला हात धरून उठवलं.

"बोलून राहिली," ती म्हणाली. "पाणी मागितलं. बाळ घेऊन या."

सुनेनं बाळ दिलं. मी आत गेले. नातसुनेचं तोंड सुजलेलं होतं, ओठ फाटलेले. हाताला नळ्या. तिनं बाळाकडे नाही, आधी माझ्याकडे पाहिलं.

"आजी, काय झालं?"

"पोरगी."

"हाय ना?"

"हाय. तू पण हाय."

पुन्हा मूल होणार नाही हे तिला नंतर नातवानं सांगितलं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, मग उठून बसली आणि पोरीला पाजलं. आता दोघी माझ्या घरात आहेत.

नातसून जगली. पोरगी जगली.